रविवारच्या गोल्फबद्दल, सगळ्यांनी वाचा
मंडळी, येत्या रविवारी सकाळी ६ ला आपल्या नेहमीच्या ग्राउंडवर जमायचंय, ९ नंतर संभाजीनगरचं ऊन उभं राहू देत नाही म्हणून कुणासाठी थांबणार नाही.

- बॅगेत १४ च्या वर क्लब (गोल्फच्या काठ्या) नकोत. नवीन लोकांनी तर ७ नंबरचं आयर्न (मधल्या अंतराचा क्लब), एक वेज (जवळून बॉल उंच उचलायचा) आणि पटर (होलजवळ बॉल हळूच ढकलायचा) आणला तरी भागतं, महागडा ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारायचा क्लब) घ्यायची घाई करू नका हो, आधी हात बसू द्या.
- काळ्या मातीला बोट जाईल एवढ्या भेगा पडल्यात, बॉल हरवला तर ३ मिनिटंच शोधायचा, नाही सापडला की एक पेनल्टी (एक फटका जास्तीचा मोजून) घेऊन आधी मारला तिथूनच परत मारायचा.
- बंकरमधून (वाळूच्या खड्ड्यातून) निघताना वाळू सपाट करायला रेक फिरवाच.

पाणी, टोपी आपापली. शुक्रवारपर्यंत इथंच नाव टाका.