वाड्याचा मालक कोण?

नाशिक

चि. ऋतुजा हिस,
अनेक आशीर्वाद.

जपानमधल्या नाराहून पाठवलेले तुझे फोटो आईने मोठे करून दाखवले. खांबाचा कुजलेला बुंधा कापून खाली नवं लाकूड बसवलंय, ते खिळ्याशिवाय कसं धरून राहतं हे मी चष्मा पुसून पुसून पाहिलं. नव्या तुकड्यावर दुरुस्तीचं साल डागून ठेवतात, हे तर फारच पटलं. आमच्या कोर्टात खाडाखोड केली की शेजारी सही-तारीख लागायची, तसंच हे.

तुझ्या बदल्यात तिकडून इकडे शिकायला आलेली मुलगी परवा जेवायला आली होती. पुरणपोळी कशीबशी संपवली, कटाची आमटी मात्र मागून घेतली. नंतर तिला जुन्या नाशकातल्या तिवंध्यातला आत्याच्या सासरचा वाडा दाखवायला नेलं. पाहुणा आला की आधी दिंडीदरवाजा, मग चौक, मग तुळयांवरची नक्षी, हा आपला क्रम ठरलेला. ही पोर नक्षीकडे ढुंकूनही न बघता टॉर्च घेऊन ओसरीच्या खांबापाशी उकिडवी बसली. खांबाखालचा दगड, तळखडा शोधत होती! तो दिसतोय कुठे? आधी शहाबादी फरशी, तिच्यावर मोझॅक, आता त्यावर चकचकीत टाइल्स. जमीन वर चढत गेली, दगड गाडला गेला आणि सागाचं लाकूड थेट ओलीला टेकलं. ओल खांबात चढू नये म्हणूनच तर खाली दगड दिला होता. तिने खिशातून लोखंडी पट्टी काढून खांबात खुपसली, तर ती बोटभर आत गेली. वरून ऑइलपेंट अगदी तजेलदार.

मग तिने विचारलं, मालक कोण? मला हसूच आलं. सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर सतरा नावं, त्यातली निम्मी माणसं वारलेली, वारसनोंद कोणी केलेली नाही. जे आहेत त्यातले दोघे एकमेकांचं तोंड बघत नाहीत. खाली भाडेकरू, तेही तिसऱ्या पिढीचे.

दिवाणी कोर्टाच्या टेबलावर मी असले दावे किती पाहिलेत, तुला माहीत आहे. भाडेनियंत्रणाचा 1947 चा कायदा गेला, 1999 चा आला, 31 मार्च 2000 पासून लागू झाला. त्यात वर्षाला चार टक्के भाडेवाढ मिळते. वीस रुपये भाड्यावर चार टक्के म्हणजे ऐंशी पैसे. कौलं शाकारायला चढणाऱ्या गड्याचा त्यात चहासुद्धा होत नाही. मालक दुरुस्ती करत नाही, कारण वाडा पडला की जागा मोकळी होईल ही आशा. भाडेकरू करत नाही, कारण घर त्याचं नाही. आणि सोडतही नाही, कारण हक्क जाईल. पावसाळ्याच्या तोंडावर महापालिकेची धोकादायक घराची नोटीस दाराला चिकटते, श्रावणात कुठली तरी भिंत बसते. तुम्ही आर्किटेक्ट मंडळी म्हणता वाडे पाण्याने पडतात, वाळवीने पडतात. मी म्हणतो, ते तारखांवर पडतात.

म्हणून एक काम सांगतो. तिकडच्या होर्यूजी या जुन्या लाकडी बौद्ध मंदिराचं तू सविस्तर लिहिलंस. 26 जानेवारी 1949 ला, दुरुस्ती चालू असतानाच, मुख्य मंदिरात आग लागली, भिंतींवरची चित्रं करपली आणि पुढच्याच वर्षी त्यांनी वारसा जपण्याचा कायदा केला. आपण झेंडावंदन करतो त्या दिवशी तिकडे देवळादेवळांत आग विझवायची तालीम होते, हेही छान. पण मंदिराला कोणी ना कोणी वाली असतोच. आपला काळाराम, सुंदरनारायण, सरकारवाडा यांनाही आहे. तिवंध्यातल्या ओसरीला नाही. मला त्यांच्या त्या कायद्यातली 1975 ची सुधारणा जास्त मोलाची वाटते. तिने राहत्या घरांच्या जुन्या गल्ल्या अख्ख्या संरक्षणाखाली आणल्या, बाहेरच्या दुरुस्तीला मालकाला मदत मिळू लागली आणि सुतार-गवंड्यांची कसबंही जपायच्या यादीत आली. (आपल्या सुताराचा मुलगा प्लायवूडची मॉड्युलर किचन्स करतो. पैसे चांगले मिळतात, त्याला काय बोलणार!)

तर लाकडाचे सांधे शीकच, पण तशा एखाद्या गल्लीत जाऊन विचार: घराला चार वारस असले तर सही कोणाची धरतात? मदतीत मालकाचा वाटा किती? काम चालू असताना राहणारी माणसं जातात कुठे, आणि परत येतात याची हमी कोण देतं? हे तुमच्या अभ्यासक्रमात नसेल. नसलं तरी विचार.

ती पोर रविवारी पुन्हा येतेय. खांबाभोवतीच्या चार टाइल्स उचलून तळखडा मोकळा करायचाय. भाडेकरू तयार आहे. दोन मालकांच्या सह्या मी घेतल्या, तिसरा म्हणतो वकिलाला विचारतो. तिकडे अशा कामासाठी मालकांकडून संमतीपत्र घेत असतील, त्याचा नमुना मिळाला तर लगेच धाड. इंग्रजीत असला तरी चालेल, मराठी मसुदा मी करतो.

तुझे,
बाबा