ज्या खेळाला एकच गाव आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ‘डायब्लो’ या संगणकावरच्या खेळांच्या मालिकेची क्रमवारी छापून आली. मराठी वर्तमानपत्रात या खेळावर अर्धं पान निघालं याचाच आधी आनंद झाला. दुकानात आलेल्या दोघा-तिघांना मी ते उघडून दाखवलं. पण क्रम वाचला आणि पत्र लिहायला बसलो. पाच मुख्य खेळांमध्ये पहिला ‘डायब्लो’ शेवटच्या जागी टाकलाय. कारण दिलंय की त्यात एकच गाव आहे आणि दर वेळी त्याच गावात परत यावं लागतं. लेखकाला जो दोष वाटला, तेच त्या खेळाचं बळ आहे असं मला वाटतं.

मी लातूरला मोटार रिवाइंडिंगचं दुकान चालवतो. मूळ गाव औसा तालुक्यात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. विसर्जन आटोपून रात्री वडिलांबरोबर जागलीला शेतातल्या आखाड्यावर गेलो होतो, म्हणून वाचलो. आजी आणि धाकटी बहीण घरात होत्या. माळवदाचं घर होतं, दीड-दोन हात रुंदीच्या दगड-मातीच्या भिंती आणि वर मातीचा एवढा भार. ज्यांनी ती घरं पाहिलीत त्यांना जास्त सांगायला नको. क्रमवारीच्या पत्रात हे कशाला, असं वाटेल. पण माझा क्रम इथूनच लागतो.

पहिला खेळ १९९६ सरता सरता आला. ट्रिस्ट्रम नावाचं गाव, गावाबाहेर मोडकळीला आलेलं चर्च आणि त्याच्या खाली सोळा मजले. दुसऱ्या मजल्यावर सुरा घेतलेला खाटीक, तिसऱ्यावर हाडांचा सापळा झालेला राजा लिओरिक. खाली उतरायचं, जमेल तेवढं लढायचं, तलवार झिजली की वर यायचं. वर ग्रिसवल्ड लोहार तलवार नीट करून देतो, पेपिन वैद्य जखमा बघतो, कारंज्यापाशी उभा असलेला म्हातारा केन सापडलेल्या वस्तूंची ओळख पटवून देतो. एका कोपऱ्यात विर्ट नावाचा लाकडी पायाचा पोरगा उभा असतो. त्याच्याकडची वस्तू नुसती बघायचे पन्नास मोहोरा पडतात. त्या गावात पळता येत नाही, चालतच जावं लागतं. नदीपलीकडच्या अ‍ॅड्रिया चेटकिणीच्या झोपडीपर्यंत जायचं तर चांगला वेळ मोडतो. संथ आहे हे खरं. पण त्या चालण्यातच गाव ओळखीचं होतं. कुणाचं घर कुठं, कोण कुठं उभा असतो, हे अंगात भिनतं. वर मॅट युलमेन यांनी बसवलेली गिटारची धून. ती ऐकली की सोळा मजल्यांचा शीण उतरतो आणि पोटात कालवतंही, दोन्ही एकदमच. खेळाचे कर्ते डेव्हिड ब्रेव्हिक यांनी हा खेळ आधी आळीपाळीने चाल करायचा म्हणून बेतला होता, मग तो सलग चालणारा केला. पुढची सगळी मालिका त्या एका बदलावर उभी आहे. तो शेवटी कसा जाईल?

दुसरा भाग २००० साली आला, मी खेळलो २००२ ला. लातूरला गांधी चौकाच्या बाजूला एक नेट कॅफे होता, तासाला वीस रुपये. सीडी नकली होती हे कबूल करतो. पहिला खेळ गॉग या संकेतस्थळावर २०१९ ला मिळायला लागला तेव्हा मी तो रीतसर विकत घेतला. तर त्या दुसऱ्या भागात, सुरुवातीच्याच अंकात, मैदानात पाच दगड उभे असतात. ते ठरलेल्या क्रमाने शिवले की एक लाल दार उघडतं. मी आत गेलो आणि माउसवरचा हात थांबला. ते ट्रिस्ट्रम होतं. घरं जळत होती. केन पिंजऱ्यात टांगलेला. धून तीच, पहिल्या भागातली. ग्रिसवल्ड चालून आला, पण माझ्यावरच. ज्याच्याकडून शंभर वेळा तलवार नीट करून घेतली त्यालाच मारायचं. आणि पलीकडे विर्टचं प्रेत. त्यावर टिचकी मारली की मोहोरांचा ढीग पडतो आणि त्याचा तो लाकडी पाय.

आमच्या गल्लीच्या तोंडाला लोहाराचा भाता होता. भूकंपानंतर पाचव्या का सहाव्या दिवशी वडील मला गावात घेऊन गेले. गल्ली म्हणून काही उरलं नव्हतं, सगळा एकच ढिगारा. वडिलांना आमचं घर कुठं होतं ते सापडेना. तेवढ्यात मला ऐरण दिसली. लाकडाच्या ओंडक्यात बसवलेली, जागच्या जागी, वर मातीचा थर. तिच्यावरून मग आम्ही मोजत गेलो. इथून दुसरं घर देशमुखांचं, तिसरं वाण्याचं, चौथं आपलं. लोहार आणि त्याची दोन्ही पोरं गेली होती.

म्हणून माझ्या क्रमात दुसरा भाग पहिला आणि पहिला भाग दुसरा. दुसऱ्यात पाच प्रकारचे वीर आहेत, नंतरच्या विस्तारात आणखी दोन आले, वस्तू एकत्र घालून नवी बनवायचा होराड्रिक घन आहे, लूट गोलेनचं वाळवंट आहे, कुरास्टचं जंगल आहे. हे सगळं लेखकाने नीट लिहिलंय, त्याबद्दल तक्रार नाही. पण जळत्या ट्रिस्ट्रमचा शब्दही नाही. आणि ते ज्याला लागायचं असेल त्याने आधी पहिल्या भागात त्या गावातून चाललेलं पाहिजे. पहिला भाग शेवटी टाकायचा आणि दुसऱ्याला मान द्यायचा, हे मला पटत नाही. विर्टचा पाय घनात घालून गायींच्या गुप्त मैदानात जाता येतं, हे खेळणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे. मला ते कधी करवलं नाही. कॅफे बंद झाला तेव्हाही तो पाय माझ्या पेटीत तसाच होता.

चौथा भाग तिसरा. २०२३ च्या जूनमध्ये तो आला आणि तिसऱ्या भागात हरवलेला अंधार परत आला. सुरुवातीलाच बर्फातलं नेव्हेस्क गाव आहे. आसरा देणारे गावकरीच तिथं घात करतात. तो प्रसंग अजून डोळ्यांसमोर आहे. लिलिथ ही या मालिकेतली अशी शत्रू आहे की तिचं म्हणणं ऐकावंसं वाटतं. पण जग इतकं मोठं केलंय की पुढची गावं नावानेही आठवत नाहीत. शिवाय आपण वाढलो की राक्षसही वाढतात. जुन्या वाटेने परत गेलं तर आपण तिथून कधी गेलो होतो हेच जाणवत नाही.

तिसरा भाग चौथा. आपल्या लेखात तो अव्वल आहे. मी तो २०१६ च्या उन्हाळ्यात खेळलो, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी येत होतं तेव्हा. हाताला तो फार गुळगुळीत लागतो, हे मान्य. १५ मे २०१२ ला आला तेव्हा संगणकावर एकट्याने खेळायलाही इंटरनेट लागायचं, आणि पहिल्या दिवशी सर्व्हरवर इतकी गर्दी झाली की विकत घेतलेल्या माणसालाही आत शिरता येईना. खऱ्या पैशांचा लिलावबाजार होता, तो मार्च २०१४ ला बंद केला आणि त्याच महिन्यात ‘रीपर ऑफ सोल्स’ या विस्ताराने खेळ बराच सावरला. हे सगळं लेखात आहे. नाही ते एवढंच की या खेळात नवं ट्रिस्ट्रम आहे. जुन्या गावाचे अवशेष जवळच आणि खजिन्याच्या आशेने आलेल्या लोकांमुळे वसलेलं नवं गाव. आम्ही नव्या गावात वाढलेली माणसं आहोत. सरळ रस्ते, एका मापाची घरं आणि जुन्या गावठाणात वेडी बाभूळ. तिसऱ्या भागाच्या हाती एवढं मोठं काही होतं आणि त्याने ते तासा-दोन तासांत मागे टाकलं. केनचं मरणही असंच घाईत उरकलं. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

२०२२ चा ‘इम्मॉर्टल’ शेवटी. तो मोबाइलवर आहे म्हणून नव्हे. आमच्याकडच्या बहुतेक पोरांचा संगणक म्हणजे मोबाइलच, त्यांच्यापर्यंत हा खेळ पोचला याचं स्वागतच आहे. पण जिंकायची खरी ताकद पैसे भरून मिळणाऱ्या मण्यांत ठेवली. बेल्जियम आणि नेदरलँड्समध्ये तो आलाच नाही, तिथले नशिबाच्या पेट्यांबद्दलचे, म्हणजे आत काय निघेल ते न कळता पैसे भरायला लावणाऱ्या पेट्यांबद्दलचे, कायदे कडक आहेत. पन्नास मोहोरा मागणारा विर्ट निदान स्वतः समोर उभा राहून मागायचा.

माझा भाचा आयटीआयला आहे, संध्याकाळी दुकानात येतो. मोटारीचं आर्मेचर भट्टीत वाळत असतं तेवढ्या वेळात मागच्या जुन्या संगणकावर त्याला मी पहिला भाग लावून दिलाय. सध्या तो सातव्या मजल्यावर आहे. परवा विर्टने त्याला तिसऱ्यांदा पन्नास मोहोरांना भिकार ढाल दाखवली, तेव्हा तो चिडून म्हणाला, “मामा, या लंगड्याला एकदा धडा शिकवता येत नाही का?” मी नाही म्हणालो. दुसऱ्या भागाची सीडी मी अजून त्याच्यासमोर काढलेली नाही.

आपला वाचक,
औसा रोड, लातूर