ताऱ्यांत न मोजलेला धोका

छोट्या ऑफ-रोड गाड्यांवरील आपल्या रविवार पुरवणीतील लेख आवडला. पण सुरक्षा चाचणीत चार-पाच तारे मिळाले म्हणजे काळजी मिटली, हा त्यातला सूर पटला नाही. हे तारे देणाऱ्या ‘भारत एनकॅप’ या सरकारी कार्यक्रमाच्या चाचणीत गाडी समोरून ताशी ६४ किलोमीटर वेगाने अडथळ्यावर आदळवतात, बाजूनेही धडक देऊन पाहतात. गाडी उलटण्याची चाचणी त्यात नाही. अरुंद, उंच आणि आखूड गाडीला तर नेमका तोच धोका अधिक. अमेरिकेत १९८८ साली ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या ग्राहकांसाठीच्या मासिकाने सुझुकीची सामुराई ही छोटी ऑफ-रोड गाडी सहज उलटते, असा ठपका ठेवला. कंपनी कोर्टात गेली, २००४ मध्ये तडजोड झाली. चाचणीच्या पद्धतीवरचा तो वाद बाजूला ठेवला, तरी गुरुत्वमध्य वर गेला की स्थैर्य घटते, हे कोणीच नाकारत नाही.

आपल्याकडे हा गुरुत्वमध्य हौसेने वर नेला जातो. मी स्वतः जुनी जिप्सी बाळगून आहे, त्यामुळे गॅरेजात जाणेयेणे असते. नवी कोरी गाडी आली की पहिली मागणी गाडी उंच करणाऱ्या लिफ्ट किटची आणि मोठ्या टायरची. टपावर कॅरिअर, त्यावर जादा स्टेपनी आणि डिझेलचा कॅन. मागचे सीटबेल्ट मात्र गादीखाली दडपलेले! मूळ रचनेत असे फेरफार मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ला मंजूर नाहीत, हे गिऱ्हाइकाला कोण सांगणार? तारे मिळाले ते कारखान्यातून निघालेल्या गाडीला. पुढच्या लेखात किमतीच्या चौकटीशेजारी एवढे जरूर छापावे.

– एक जिप्सीमालक, सातारा