पहिला नमुना परत पाठवणाऱ्या मॅडमना

स.न.वि.वि.

मॅडम, नावानं तुम्ही मला ओळखणार नाही. ‘दुधाच्या पिशवीवाला’ म्हटलं तर आठवेल. ऐन श्रावणात तीन कालवडींच्या अंगावरचे पोपडे दुधाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत गच्च बांधून तपासणीसाठी तुमच्या प्रयोगशाळेतल्या टेबलावर ठेवणारा मीच. तुम्ही पिशवी उजेडात धरलीत, आत सुटलेलं पाणी दाखवलंत आणि म्हणालात, “हे चालायचं नाही. परत आणा.” चाळीस किलोमीटर पावसात गाडी हाणून आलो होतो. परतताना मनात तुम्हाला काय काय बोललो ते लिहीत नाही. पण घरी आल्यावर गावभर सांगितलं होतं, म्हणून आभारही चारचौघांत.

होतं ते गजकर्ण, म्हणजे बुरशीचा रोग. आम्ही तोवर खरूज ठरवून मोकळे झालो होतो. डोळ्यांभोवती, मानेवर राखाडी जाड चकत्या, केस गेलेले. खरजेचं इंजेक्शन दोनदा झालं, करंजाचं तेल झालं, फरक काडीचा नाही. त्यात धाकट्या लेकीच्या मनगटावर लाल कडं उठलं. ती कालवडींच्या गळ्यात हात टाकूनच बसते. मेडिकलमधून आणलेल्या ट्यूबनं चार दिवस खाज थांबली आणि मग कडं दुप्पट झालं.

दुसऱ्या खेपेसाठी तुम्ही हातात कागदी पाकिटं दिलीत आणि नमुना घ्यायचा कसा ते शिकवलंत. मधली खपली नको, रोग कडेनं पसरतो, तिथलं हवं. आधी स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायचं, मग बोथट ब्लेडनं कड खरवडायची, तुटके केस चिमट्यानं मुळासकट ओढायचे. प्लॅस्टिकमध्ये ओल धरते, जिवाणू माजतात आणि हवी ती बुरशी त्यांच्याखाली दबते. हे आधी कुणी सांगितलंच नव्हतं हो!

काचेवर केस ठेवून तुम्ही पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकलात आणि मला चहाला पिटाळलंत. केस-कातडीचा कठीण भाग विरघळून आरपार दिसायला तेवढा वेळ लागतोच. परत आल्यावर सूक्ष्मदर्शकात पाहिलं तर आधी माझ्याच पापण्या दिसल्या. तुम्ही मान सरळ करायला लावलीत. मग दिसला केस आणि त्याला बाहेरून चिकटलेले गोल दाणे, ओळीनं, कणसावर ज्वारी भरावी तसे. महिनाभर ज्याच्याशी झगडत होतो ते पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं.

मोबाइलवर पाहिलेल्या, बुरशी चमकवून दाखवणाऱ्या निळ्या दिव्याचं मी विचारलं तेव्हा तुम्ही हसलात. हिरवी चमक मांजराच्या गजकर्णात बऱ्याचदा दिसते, गाईगुरांच्या नेहमीच्या गजकर्णात नाही. म्हणजे तो दिवा विकत घेतला असता तर ‘काही नाही’ म्हणून निवांत बसलो असतो.

बुरशी आहे एवढं त्याच दिवशी कळलं, कुठली ते कळायला महिना गेला. सॅबुरोच्या माध्यमात, म्हणजे बुरशी वाढवायच्या खाद्यात, जिवाणू आणि इतर बुरशा रोखणारी औषधं, वर हिला लागणारी थायमिन आणि इनॉसिटॉल ही पोषक द्रव्यं घालून तुम्ही नळ्या ३७ अंशांवर ठेवल्यात. या जातीच्या बहुतेक बुरशांना २५ ते ३० अंश पुरतात, हिला जनावराच्या अंगासारखी ऊब लागते. दर सोमवारी माझा फोन, दर सोमवारी तुमचं “अजून नाही”. चौथ्या आठवड्यात बटणाएवढी पांढुरकी गाठ आली. कागदावर नाव आलं : ट्रायकोफायटन व्हेरुकोसम, गाईगुरांच्या गजकर्णाची नेहमीची बुरशी.

कागदाची वाट न बघता तुम्ही पहिल्याच दिवशी विचारलंत, “खरारा किती आहेत?” एकच होता, तिघींना मिळून. खरजेला मी शेजाऱ्याच्या म्हशींना दोष देत होतो आणि रोग रोज सकाळी मीच हातानं फिरवत होतो. कालवडी वेगळ्या बांधल्या, खरारा जाळला, दावणीच्या लाकडी खुंट्याही काढून टाकल्या. औषध आमच्या डॉक्टरांनी दिलं. धाकटीच्या ट्यूबची मागची बाजू तुम्ही मला मोठ्यानं वाचायला लावलीत, त्यात स्टिरॉइड होतं, खाज दाबणारं पण बुरशीला मोकळं रान देणारं. धाकटीला त्वचेच्या डॉक्टरांकडे नेताना तुमचा कागद सोबत होता, त्यामुळे तिथं अंदाजाचं काम उरलं नाही. मनगट आता स्वच्छ आहे. कालवडींच्या डोळ्यांभोवती नवे केस आलेत, थोडे गडद.

थोरली कालवड पुढच्या महिन्यात व्यायची आहे. खरवस घेऊन येतो. तेवढा नमुना तरी परत पाठवू नका.

आपला,
दुधाच्या पिशवीवाला