बाबा, सात आले तरी परत परीक्षा का देतेय

ती. बाबा आणि आई यांस,
सा. नमस्कार.

काल इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल सांगितल्यावर थोडं बोलून बाबा एकदम गप्प झाले आणि शेवटी आईनं "जेवलीस का" विचारून फोन ठेवला. तुम्हाला काय वाटलं असेल ते कळलं मला. ड्युटीवर असताना फोनवर धड बोलता येत नाही, म्हणून सगळं लिहून पाठवतेय. बाबा, चष्मा लावून सावकाश वाचा आणि आईला वाचून दाखवा.

आधी ठरलेलं सांगते. आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा मी पुन्हा देतेय. फॉर्म भरलाय, फी माझ्या पगारातून गेलीय, भिशीच्या पैशांना हात लावलेला नाही. लेखनात हवे तेवढे गुण आले की ब्रिटनच्या नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणीचा अर्ज करणार. तुमच्याशी समोरासमोर बसून बोलायचं होतं, पण परीक्षेच्या तारखा भराभर भरतात. थांबले असते तर महिना हातचा गेला असता.

बाबा, "सात लागतात, सात आलेत, मग अडलं कुठं?" हा तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे. या परीक्षेत पास-नापास असं काही नसतंच. ० ते ९ असे बँड असतात. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं या चारींचे वेगळे बँड मिळतात आणि त्यांची सरासरी काढून जवळच्या अर्ध्या बँडवर नेतात. पाव आला तर अर्धा धरतात, पाऊण आला तर पुढचा पूर्ण. माझे ७.५, ७.५, ६ आणि ७. बेरीज २८, सरासरी ७. जाधवकाकांच्या मुलाचे ७, ६.५, ६.५, ७. बेरीज २७, म्हणजे ६.७५, त्याचेही झाले ७. बेरीज माझी जास्त, पण त्याचं काम झालं. त्याच्या कॉलेजला एकूण ६.५ आणि कशातच ६ च्या खाली नको, एवढंच हवं होतं. नर्सिंग कौन्सिलला वाचणं, ऐकणं, बोलणं यांत ७ आणि लेखनात ६.५ लागतात, प्रत्येकात वेगवेगळे. डेअरीत फॅट कितीही चांगली लागली तरी एसएनएफ, म्हणजे दुधातला फॅट सोडून उरलेला घन भाग, ८.५ च्या खाली गेला की दर कापतातच ना, तसंच. माझं लेखन ६ वर अडलं. आणि हा नियम आता सैल झालाय बरं, २०१८ च्या जवळजवळ अखेरपर्यंत लेखनातही ७ च मागायचे.

आई, तू म्हणालीस, "जिल्हा परिषदेच्या शाळेत घातलं, आमचंच चुकलं." असं परत बोलायचं नाही. ऐकण्याला ४० प्रश्न, वाचनाला ४०, प्रत्येकी एक गुण, चुकलं तर कापत नाहीत. साधारण ३० बरोबर आले की ७ मिळतात. माझे त्याहून जास्त आले ते त्याच शाळेच्या जोरावर. बोलण्याच्या परीक्षेत समोर परीक्षक असतो, अकरा ते चौदा मिनिटं गप्पा मारल्यासारखं विचारतो. अडखळता किती, शब्द किती आहेत, व्याकरण कसं आहे आणि उच्चार कळतात का, हे चारच बघतात. गावाकडचा हेल आहे म्हणून कुणी गुण कापत नाही. मी हेल लपवलाही नाही. तू चुलीपुढे बसवून माझ्याकडून कविता म्हणून घ्यायचीस, चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. परीक्षकासमोर बसताना तीच आठवली आणि घसा मोकळा झाला बघ.

लेखनाचं तेवढं वेगळं आहे. एका तासात दोन उत्तरं. पहिल्यात आलेख किंवा तक्ता देतात, तो किमान दीडशे शब्दांत मांडायचा. दुसरा किमान अडीचशे शब्दांचा निबंध, आणि त्याला पहिल्याच्या दुप्पट वजन. दोन्हींत विचारलं तेच लिहिलंय का, मुद्दे सलग येतात का, शब्द आणि व्याकरण, असे चार भाग सारख्या वजनाने तपासतात. दिवसभर आम्ही केसपेपरवर तुटक लिहितो, "बीपी स्टेबल, सलाईन चालू". निबंधात एकच मुद्दा धरून चार ओळी खुलवायच्या असतात, तो हात बसायला सराव लागतो. रोज ड्युटी संपली की एक निबंध घड्याळ लावून लिहितेय.

आणि मागचे गुण वाया जात नाहीत. कौन्सिल दोन परीक्षांचे गुण एकत्र धरते. मध्ये बारा महिन्यांपेक्षा जास्त अंतर नको, आणि दोन्ही वेळा कुठल्याच भागात हवे त्यापेक्षा अर्ध्या बँडहून जास्त कमी नको. माझे ६ त्यात बसतात. यावेळी लेखनात ६.५ आणले आणि बाकी तिन्हींत ६.५ च्या खाली गेले नाही की झालं. बाबा, तुम्ही म्हणालात म्हणून रिचेकिंगचाही अर्ज टाकलाय. तो ठरलेल्या मुदतीत टाकता येतो, बँड वाढला तर फी परत मिळते. पण त्यावर विसंबून मी बसलेली नाही.

लगेच विमानात बसत नाही मी. इंग्रजी झालं की कौन्सिलची संगणकावरची परीक्षा इथेच द्यायची, प्रात्यक्षिक तिकडे गेल्यावर. तेवढ्यात घरचं सगळं मार्गी लावते. संडासात कमोड आणि भिंतीला धरायच्या दांड्या बसवायला मिस्त्रीला सांगितलंय. दादा शनिवारी येत जाईल, वहिनी महिन्याच्या गोळ्या डबीत वारानुसार भरून देईल. सकाळच्या धारेला गडी ठेवायचा म्हणजे ठेवायचा. बाबा, यात पैशाचा विचार करू नका, तुमचे गुडघे त्याहून महाग आहेत. आणि तुम्हाला सोडून जायची मला हौस आहे असं कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नका. इथल्या पगारात तुमचं म्हातारपण निवांत जाईल एवढी शिल्लक पडत नाही, आणि हे काम मला अजून मोठ्या ठिकाणी शिकायचंय, दोन्ही खरं आहे.

आता माझं ऐका. बाबा, बरं वाटलं म्हणून बीपीची गोळी परस्पर बंद करायची नाही. लोणच्याची फोड ताटात दिसली तर आई मला सांगणार आहे. आई, तू एकादशीला साबुदाणा खाऊन साखर वाढवून घेऊ नकोस, देव काही रागवत नाही. अनवाणी रानात जायचं नाही, पायाला बारीक जखम झाली तरी दादाला लगेच सांगायचं. या आठवड्यात तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी करून घे आणि बाबा, रिपोर्टचा फोटो मला व्हॉट्सॲपवर टाका, सरळ धरून काढा, मागच्या वेळचे आकडे वाचताच आले नाहीत.

तुमची,
सोनू