ऋण घातांक आणि ‘खाली न्या’चा नियम

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शाळेत गणित शिकवून निवृत्त झाल्यावर गेली काही वर्षे मी कर्वेनगरमधील आमच्या सोसायटीतल्या सातवी-आठवीच्या मुलांना संध्याकाळी गणित समजावून देतो. गेल्या महिन्यात एका मुलीच्या वहीत ‘३ मध्ये २ चा –१ वा घात मिळवा’ या उदाहरणाचे उत्तर ३/२ असे लिहिलेले दिसले. बरोबर उत्तर साडेतीन आहे. कारण विचारल्यावर ती म्हणाली, “घातांक उणे असला की संख्या खाली न्यायची, असं क्लासमध्ये सांगितलंय.” तिने सांगितलेला नियम तंतोतंत पाळला होता, २ खाली गेले आणि ३ वर राहिले. तिच्याच वर्गातल्या एका मुलाने २ चा –३ वा घात –८ असा लिहिला होता, कारण उणे चिन्ह उत्तरात कुठेतरी दिसायलाच हवे अशी त्याची समजूत होती. दोघेही हुशार आहेत, आणि म्हणूनच मला हे पत्र लिहावेसे वाटले.

पाया जितक्या वेळा घेऊन गुणाकार करायचा ती संख्या म्हणजे घातांक, असे आपण मुलांना प्रथम शिकवतो. मग ‘उणे तीन वेळा’ गुणायचे म्हणजे काय, हा प्रश्न मुलाला पडणे अगदी रास्त आहे, आणि ही व्याख्या येथे अपुरी पडते हे त्याला मोकळेपणाने सांगितले पाहिजे. मी त्यासाठी धान्याच्या जुन्या मापांचा आधार घेतो. पायली म्हणजे चार शेर, म्हणजे २ चा दुसरा घात. तेथून निम्मे करत उतरलो की दोन शेर, मग एक शेर, म्हणजे घातांक १ आणि ०. पण स्वयंपाकघरातली मापे शेरापाशी थांबत नाहीत. शेराचे निम्मे मापटे, मापट्याचे निम्मे चिपटे, चिपट्याचे निम्मे कोळवे आणि कोळव्याचे निम्मे निळवे. प्रत्येक पायरीला घातांक एकाने कमी होतो, म्हणून मापट्याचा घातांक –१, चिपट्याचा –२, कोळव्याचा –३. कोळवे शेराचा आठवा भाग आहे. ते लहान आहे, पण ऋण नाही. घातांकाचे चिन्ह शेरापासून कोणत्या दिशेला निघालो एवढेच सांगते.

यानंतर नियमाकडे यावे. समान पाया असलेल्या संख्यांच्या गुणाकारात घातांकांची बेरीज होते. हा नियम टिकवायचा असेल, तर २ चा तिसरा घात आणि –३ वा घात यांचा गुणाकार २ चा शून्यावा घात, म्हणजे १ आलाच पाहिजे, आणि ८ ला ज्याने गुणल्यावर १ येतो अशी संख्या १/८ हीच एक आहे. (पाया –२ असेल तर उत्तर –१/८ येते, पण ते उणे पायातून आलेले असते.)

निकोला शुके या फ्रेंच गणितज्ञाने १४८४ मधील हस्तलिखितात ऋण घातांक वापरले, आणि आज आपण लिहितो तसे ते लिहिलेले न्यूटन यांच्या १६७६ मधील पत्रात आढळतात. रुळायला जवळजवळ दोनशे वर्षे लागलेल्या या कल्पनेला शाळांनी आणि क्लासचालकांनी निदान दोन तासिका द्याव्यात, आणि ‘खाली न्या’ हा शब्दप्रयोग त्या दोन तासिकांत मुळीच उच्चारू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. आपल्याच जिल्ह्यात खोडद येथे ३० अँटेनांची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. दूरच्या आकाशगंगांकडून तेथे पोहोचणारे संकेत ज्या जान्स्की या एककात मोजतात, ते दर चौरस मीटरला, दर हर्ट्झला १० चा –२६ वा घात इतके वॉट असते. खोडदच्या सहलीला जाणाऱ्या मुलांना या आकड्याचा अर्थ कळायला हवा.

मापांची ही उतरंड पाहिल्यावर त्या मुलीने आपले उत्तर स्वतःच दुरुस्त केले, आणि पाया शून्य असेल तर काय, असे विचारले. खाली उतरताना दर पायरीला पायाने भागावे लागते आणि शून्याने भागता येत नाही, म्हणून शून्याला ऋण घातांक देता येत नाही, असे मी तिला सांगितले.

आपला नम्र,
एक निवृत्त गणित शिक्षक
कर्वेनगर, पुणे