कटर वर नेऊ नको

केंट, इंग्लंड
10 ऑगस्ट 2025

ती. दादास,
सा. न. वि. वि.

नुकतीच नारळी पौर्णिमा झाली. आम्ही नारळीभात केला, पण दुकानातल्या नारळाला ना पाणी ना वास. आंजर्ल्याची आठवण काढत जेवलो, झालं.

तुझा व्हिडिओ मी जेवणाच्या सुट्टीत गाडीत बसून बघितला. विहिरीजवळच्या हापूसवर तू, एका हातात कटर (चेनसॉ), दुसऱ्या हाताने फांदी धरलेली, कमरेला सुंभ, खाली हाफ पँट. शेजारी आमचा मुकादम बसला होता. त्याने विचारलं, हा तुझा भाऊ? मी हो म्हटलं. तो काही बोलला नाही, डब्याचं झाकण लावलं आणि बाहेर गेला.

फोनवर विषय काढला की तू "बघतो रे" म्हणतोस आणि फोन आईकडे देतोस, म्हणून हे पत्र, आणि सोबत सामानाचं एक खोकं. लहान तोंडी मोठा घास आहे, कारण झाडावर चढायला मला तूच शिकवलंस. चढण्यात तू आजही माझ्यापेक्षा सरस. पण मशीन घेऊन चढणं हे वेगळं काम आहे. इथे झाडं छाटायच्या कामाला लागल्यावर पहिले सहा महिने मला नुसत्या फांद्या ओढायला लावलं होतं, वर पाठवलंच नाही. तेव्हा राग यायचा.

माझं एकच मागणं आहे. कटर जमिनीवर वापर, वर नेऊ नको. वर न्यायला खोक्यात वाकडी हातकरवत ठेवली आहे. ती ओढताना कापते, ढकलताना नाही, म्हणून जोर लावायचा नाही. बांडगूळ काढायला आणि सुक्या फांद्यांना ती पुरे. बांडगुळाच्या गाठीवर नको कापू, गाठीच्या खाली थोडी निरोगी फांदी घेऊन काप, नाहीतर ते परत फुटतं. जाड फांदी असेल तर आधी खालून तिसरा हिस्सा, मग जरा पुढे वरून, आणि फांदी पडल्यावर उरलेला खुंट खोडाजवळच्या फुगीर कड्याच्या बाहेरून साफ कर. तो कडा कापलास तर जखम भरत नाही. वर बोर्डो पेस्ट लाव: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी.

एका हाताने कटर का नको, ते सांगतो. चेन फिरते त्या पट्टीच्या टोकाचा वरचा कोपरा कशाला टेकला की मशीन उलटं उसळतं, थेट तोंडाकडे. पुढचा ब्रेक असतो, पण दुसरा हात मुठीवर नसेल तर सावरणार कोण? निसर्ग वादळानंतर आपल्या पडवीवरचा फणस कापताना दबलेली फांदी सुटून माझ्या कानाजवळून गेली होती, आठवतं? तेव्हा दोन्ही हात मशीनवर होते म्हणून निभावलं. तसली दबलेली फांदी असली की आधी बघायचं, ताण कुठल्या बाजूला आहे. दबलेल्या बाजूने थोडं कापायचं, मग ताणलेल्या बाजूने हळूहळू, आणि उसळेल त्या बाजूला उभं राहायचं नाही.

आता दोर. तू म्हणाला होतास, तुमच्याकडे जुने दोर टाकतात, त्यातला एक पाठव. दादा, तो मी पाठवणार नाही. इथे माणूस लटकतो ती सगळी साधनं दर 6 महिन्यांनी जाणकाराकडून तपासून घेण्याचा कायदा आहे. नापास दोर आम्ही लगेच तुकडे करून टाकतो, कुणी चुकूनही वापरू नये म्हणून. टाकलेला दोर भावाला कसा देऊ? त्याऐवजी कमरेचा नवा पट्टा आणि खोडाभोवती टाकायचा दोर दिलाय. या दोराच्या पोटात तार आहे, कोयतीच्या चुकार घावाने सुंभासारखा तुटणार नाही. पण कटरच्या चेनीपुढे तारही टिकेलच असं नाही, हे ध्यानात ठेव. पट्ट्याला दोन्ही कुशींना कड्या आहेत. बांधकामावर मिळतो त्या पट्ट्याची कडी पाठीला असते. ती पडताना धरते, पण तिच्यावर टेकून हात मोकळे ठेवून काम करता येत नाही.

कापायच्या वेळी दोन ठिकाणी बांधलेला हवास: एक वरच्या जाड बेचक्यातून आलेला मुख्य दोर आणि दुसरा हा खोडाभोवतीचा. मुख्य दोर वर कसा न्यायचा? बारीक दोरीला रेतीची छोटी पिशवी बांधून बेचक्यातून फेकायची आणि तिच्या मागे जाड दोर ओढून घ्यायचा. गोफणीने कैऱ्या पाडणाऱ्याला हे शिकवायला नको. चढण्याआधी दोघांनी खालून लोंबकळून बघायचं. भिरुडाने पोखरलेल्या फांदीवर मात्र दोर टाकूच नको, बुडाशी भुसा पडलेला दिसतो ना, तिथे. इथल्या ॲश झाडांना 2012 पासून बुरशीचा रोग लागलाय. लाकूड असं ठिसूळ होतं की पुष्कळ झाडांवर आता कुणी चढत नाही, पाळण्याची गाडी आणतात.

बुटाला लावायचे खिळे मागितलेस, तेही दिले नाहीत. पाडायच्या झाडावर ठीक, जित्या माडावर नाही. आंब्याची जखम कडेने भरून येते, माडाची कधीच नाही, त्याच्या खोडाला साल वाढवणारा थरच नसतो. त्या भोकांच्या वासावर सोंड्या भुंगा येतो. माडासाठी केरळातून आलेलं दोन पायांचं शिडीयंत्र असतं, त्याची दापोलीला विद्यापीठात चौकशी कर. खाचांवरून चढणारे पाडेली आता मिळतात तरी कुठे.

आता मशीन. ते मे महिन्यापासून पडवीत पडलंय, टाकीत पेट्रोलसकट, खरं की नाही? पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते ओलावा ओढतं. त्यात आपला पावसाळा. ते सगळं काढून टाक. नवं पेट्रोल लिटरला 20 मिलि टू-स्ट्रोक तेल घालून, तेवढ्यापुरतंच कालव. तुझ्या मशीनच्या पुस्तकात तेल जास्त सांगितलं असेल तर पुस्तकाचं ऐक, माझं नको. काम संपलं की टाकी रिकामी करून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालव.

पट्टीच्या तेलाला गॅरेजचं काळं तेल घालतोस, ते बंद. त्यात लोखंडाचा चुरा असतो. तेल पोचतंय का बघायला मशीन पांढऱ्या कागदावर धरून रेस कर, तेलाची रेघ उमटली पाहिजे. पट्टीची खाच पातळ पत्र्याने साफ कर आणि पट्टी दर वेळी उलटी बसव, म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतात. चेन पट्टीला चिकटून, पण हाताने सरकेल इतकीच ताण. काम संपल्यावर सैल सोड, थंड झाली की आवळते.

धार कधी गेली ते भुशावरून कळतं. ढलप्या उडाल्या तर ठीक, पिठासारखा भुसा पडला तर थांब आणि कानस घे. 30 अंशांवर, आतून बाहेर, फक्त ढकलताना. परत आणताना उचलायची. प्रत्येक दाताला मोजून सारखे हात. मशीन एका बाजूला वळून कापायला लागलं तर एका बाजूचे दात जास्त झिजलेत असं समज. चार-पाच वेळा धार लावून झाली की दातापुढचा चपटा उंचवटाही चपट्या कानशीने जरा उतरव, दातापेक्षा साधारण 0.65 मिमी खाली. जास्त उतरवलास तर मशीन झटके देईल. आणि आंब्याच्या खोडावरची वाळवीची माती आधी झाडूने काढ. धार त्या मातीनेच जाते, लाकडाने नव्हे.

पट्टा आणि दोर कटरजवळ ठेवू नको. खारी हवा आहे, कड्या गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळव आणि सगळं पत्र्याच्या पेटीत ठेव. उंदीर दोर सोडत नाहीत.

एक राहिलंच. इथे वर गेलेल्या माणसाला खाली आणू शकेल असा दुसरा माणूस बुडाशी असल्याशिवाय काम सुरूच होत नाही. पट्ट्यात माणूस निपचित लटकून राहिला तर थोड्या वेळातच जिवावर बेततं. तुझ्या बुडाशी सोन्या होता, आणि तो व्हिडिओ काढत होता. गडग्यापलीकडच्या काकांना हाक मार, आधी दोघांनी एकदा कमरेइतक्या उंचीवर सराव करा.

खोक्यात हेल्मेट, कानाचं झाकण आणि मांड्यांवर बांधायचं जाड कापडही आहे. ऊन असेल, गरम होईल, तरी जमिनीवर कटर धरताना बांध. वहिनीला सांगून ठेवतो.

कानशी दोन दिल्या आहेत, 4 मिमी आणि 4.8 मिमी. तुझ्या पट्टीच्या बुडाशी आकडे कोरलेले असतात, त्याचा फोटो पाठव, म्हणजे कुठली वापरायची ते सांगतो. तोवर एकही चालवू नको.

आईला नमस्कार, सोन्याला आशीर्वाद.

तुझा,
बाळू